पोचू आणि बावडीचे बावीस दगड

गुणवंतराव मास्तरांनी पोचूला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका दोरापायी. चोपन्न सालचा जानेवारी होता. मागच्या सव्वीस जानेवारीला शाळेचा सुतळीचा दोर ऐन राष्ट्रगीतात तुटला होता आणि झेंडा काठीच्या मध्यावर अडकून बसला होता. तसं पुन्हा घडू नये म्हणून मास्तर शुक्रवारच्या बाजारात दोर घ्यायला गेले. बाजाराच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली एक माणूस माहुलीच्या वेलीच्या सालीचे दोर मांडून बसला होता. चाळिशी ओलांडलेला, अंगाने वाळका, कानात पितळी बाळ्या. गिऱ्हाईक आलं तरी त्याने मान वर केली नाही. हातातलं वळण पुरं केलं, मग पाहिलं.

"केवढ्याला हा?" मास्तरांनी एक दोर उचलून विचारलं.

"कायले पायजे?"

"दोर कशाला लागतो? बांधायला."

"काय बांधता ते सांगा जी. बैलाचा दोर येगळा, खाटेचा येगळा, विहिरीचा येगळा."

"झेंडा," मास्तर जरा संकोचून म्हणाले.

"झेंडा कितीक वजनाचा हाये?"

"वजन कसलं? कापड आहे. अर्धा शेरसुद्धा नाही."

"मंग हा दोर कायले? झेंडा पळून जाते का?"

आजूबाजूचे हसले. मास्तरही हसले. त्या माणसाने मात्र दोर विकला नाही. "पुढच्या शुक्रवारी या. झेंड्याचा वळून आणतो," म्हणाला. आणि आणलाही, करंगळीएवढा बारीक, गुळगुळीत, कप्पीवरून पाण्यासारखा सरकणारा. कशासाठी पाहिजे हे कळल्याशिवाय वस्तू हातातून न सोडणारा माणूस मास्तरांनी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी नाव विचारून घेतलं. कोसमटोल्याचा पोचू. जातीने गोंड. टोला म्हणजे लहानशी वस्ती, मास्तरांच्या चिचघाटपासून तीन मैल आत, डोंगराच्या पायथ्याला.

मास्तर मूळचे ब्रह्मपुरीचे. चिचघाटात त्यांना अकरा वर्षं झाली होती. चांदा जिल्ह्याच्या त्या भागात तेव्हा गावाला मास्तर म्हणजे वाचणारा, लिहिणारा, अर्ज करणारा, तार आली की अर्थ सांगणारा असा एकच माणूस. लोक त्यांच्यावर विश्वास टाकत आणि मास्तरांना तो आवडे. आपण सरळ माणूस आहोत, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. पुढे दोन वर्षांनी ते मत गेलं आणि परत आलं नाही.

चिचघाटात एक बावडी आहे. गोंड राजांच्या काळातली, चौकोनी, खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांची, भिंतीत कमानीचे कोनाडे असलेली. पूर्वेकडच्या पायऱ्या कधीकाळी ढासळल्या होत्या आणि अर्धी बावडी गाळाने भरली होती. चैत्र लागला की बाया दीड मैल चालून नदीतले झिरे उपसत. पंचावन्नच्या दिवाळीनंतर ब्लॉकचे साहेब आले आणि त्यांनी सांगितलं, की सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत या बावडीचं नाव आहे. दुरुस्तीचा अर्धा खर्च सरकार देईल, अर्धा गावाने उचलायचा. रोख पैसा नसेल तर दगड द्या, चुना द्या, अंगमेहनत द्या. तोच गावाचा वाटा धरू. मात्र मार्चअखेरच्या आत गावाचा वाटा जागेवर दिसला पाहिजे. नाही दिसला तर मंजुरी परत जाईल.

समिती झाली. अध्यक्ष देवाजी पाटील, चिटणीस अर्थातच मास्तर. गावात घरं कमी, गडी कमी. तेव्हा पाटील म्हणाले, "कोसमटोला आपल्याच कागदात येते ना? त्यांचे हातही आपल्याच वाट्यात धरा." टोल्याच्या लोकांना सभेला बोलावलं. एका बाजूला उकिडवे बसलेल्या त्या माणसांतून पोचू बोलला.

"बावडी आमच्यापासून तीन मैल. पाणी आमच्या वाट्याले कितीक येईल जी?"

सभा हसली. पाटील म्हणाले, "तुमच्याच राजानं बांधली ना रे? मंग?"

"राजा पाणी पिऊन गेला. गाळ आमच्यासाठी ठेवला," पोचू म्हणाला. आता टोल्याची माणसंही हसली.

पण तिसऱ्या दिवशी कोसमटोल्याचे अकरा गडी कामावर हजर होते. पोचूने सगळ्यांसाठी जाड दोर वळून आणले होते, विहिरीचे. तीन महिने त्या लोकांनी गाळ उपसला. पोचू सगळ्यांत खाली असे. वरून काय सोडायचं, कधी ओढायचं, हे तो खालून ओरडून सांगे आणि वरचे निमूट ऐकत. ब्रह्मपुरीहून आलेले गुलाम रसूल मिस्त्री चुन्याच्या कामात पिकलेले. चुन्यात बेलफळाचा गर आणि गूळ घालून ते स्वतः घाणीवर उभे राहत. त्यांनी एकदा मास्तरांना सांगितलं, "मास्तरसाब, या आदमीला मी माझ्या हाताखाली घेऊन जातो. दगड ह्याच्याशी बोलते."

फेब्रुवारी सरला तेव्हा गाळ बहुतेक निघाला होता, चुना तयार होता, आणि दगड नव्हते. पूर्वेच्या बाजूला बावीस पायऱ्या नव्याने बसवायच्या होत्या. प्रत्येकीला माणसाएवढा लांब, सपाट दगड पाहिजे. तसे दगड काढायची खाण सात मैलांवर, आणि ते काढून, घडवून आणेपर्यंत एप्रिल उजाडला असता. साहेबांचं पत्र आलं होतं: अठ्ठावीस मार्चला पाहणी.

"दगडाची काळजी माझ्याकडे," देवाजी पाटील म्हणाले. "तुम्ही कागद तयार ठेवा, मास्तर."

पाच दिवसांत लटारू गाडीवानाने बावीस दगड आणून टाकले. लांब, सपाट, जणू पायऱ्यांसाठीच जन्मलेले. मास्तर शाळा सुटल्यावर पाहायला गेले. पोरांच्या पाटीवरची काना-मात्रा न चुकवणारी त्यांची नजर. त्यांना दिसलं, की प्रत्येक दगडाचा हातभर भाग वेगळ्या रंगाचा आहे. वरचा भाग ऊन-पावसाने काळवंडलेला, शेवाळलेला. खालचा पिवळट, मातीचा. मधे सरळ रेघ. एका दगडाला सुताचा विटका धागा चिकटला होता.

"कुठून आणले रे, लटारू?"

"जंगलात दगडाले का तोटा हाये, मास्तर?" लटारूने बैलांच्या माना मोकळ्या करत पाठ फिरवली.

मास्तरांनी पुढे विचारलं नाही. पुढे अनेकदा त्यांनी स्वतःला विचारलं, की तेव्हा मला माहीत होतं का? आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं: माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायचं नाही एवढं नक्की ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुलाम रसूल मिस्त्रींनी त्यांना बाजूला घेतलं. "मास्तरसाब, हे दगड पडलेले नव्हते. उभे होते. कोणीतरी जमिनीत गाडून उभे केलेले. हात लावू का?"

त्या भागात तेरा वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजवावा लागत नव्हता. गोंडांमध्ये माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. घरचे आणि भाऊबंद डोंगरावरून तो निवडून आणतात, दांड्यांना बांधून, खांद्यावर. गाडीवर घालत नाहीत. मग त्या दगडाला ते आई म्हणतात, बाप म्हणतात, सणाला त्याच्यापुढे दाणे ठेवतात. कोसमटोल्याच्या जुन्या, आता मोडलेल्या वाटेला सागाच्या रानात असे दगड होते. मास्तरांनी ते पूर्वी पाहिलेही होते.

मिस्त्री उत्तराची वाट पाहत उभे होते. मास्तर म्हणाले, "घडवून टाका. रेघ जाईल."

आयुष्यात बोललेल्या सगळ्या शब्दांपैकी हे चार शब्द परत घेता आले असते तर, असं त्यांना नंतर वाटत राहिलं. मिस्त्रींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, "तुम्ही म्हणता तर," म्हणाले, आणि छिन्नी उचलली. त्या दिवशी मास्तरांनी समितीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'लोकवाटा. पायऱ्यांचे दगड, नग बावीस, गावच्या खाणीतून.' खाली सही केली.

दगड बसवायचं काम वीस मार्चला सुरू झालं. वरच्या पायऱ्या ढासळलेल्या, म्हणून दगड काठावरच्या लाकडी तुळईवरून दोराने खाली सोडायचे आणि तळापासून बांधत वर यायचं. खाली पोचू आणि मिस्त्री, वर दोरावर गावचे गडी. टोल्याची बाकीची माणसं दूर नदीकाठी गाळाच्या पाट्या रिकाम्या करत होती. पहिले आठ दगड बसले. घडवलेले, स्वच्छ, चुन्याने पांढरे झालेले. पोचूने ते हाताने थोपटून जागेवर सरकवले, त्यांच्यावर उभं राहून पुढचे झेलले.

नववा दगड खाली गेला आणि थोड्या वेळाने खालून आवाज आला, "ओढा!"

गड्यांनी ओढलं. दोर जड लागला. दगडच परत वर आला.

"काऊन रे पोचू, दगड पसंत नाई का?" एकाने खाली वाकून विचारलं. "पोरगी पाहून राह्यला का?" दुसरा म्हणाला. हशा झाला. दगड पुन्हा खाली सोडला. पुन्हा "ओढा!" पुन्हा दगड वर.

आता पाटील चिडले. "दिवस किती राह्यले? मस्करी करून राह्यला का?"

मास्तरांनी काठावरून खाली पाहिलं. तळाच्या अंधारात पोचू वर बघत उभा होता. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण बावडीत घुमून नीट वर आला.

"मास्तर, हा आमचा म्हातारा हाये."

कोणी हसलं नाही. लटारूने बिडी विझवली आणि बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून निघून गेला. मास्तर पश्चिमेच्या जुन्या पायऱ्यांनी खाली उतरले. गुलाम रसूल मिस्त्री त्यांना वाटेत भेटले. ते वर निघाले होते.

"कशावरून म्हणतोस?" मास्तरांनी हळूच विचारलं. असं विचारताना त्यांना स्वतःचा आवाज एखाद्या वकिलासारखा वाटला.

"नाला उतरताना आमच्या हातातून सुटला होता. कोपरा तुटला. ह्या बाजूनं," पोचूने हाताने हवेत कोपरा दाखवला. "मीच होतो त्या दांडीले. मिस्त्रीनं बाकी सारं छिललं, कोपरा कसा भरून काढन?" मग त्याने विचारलं, "सारे किती आणले?"

"बावीस."

"बावीस." त्याने ओठ हलवत काही नावं मोजली असावीत. मग त्याची नजर आपल्या पायांकडे गेली. तो आठव्या पायरीवर उभा होता. त्याने खालच्या सात पायऱ्या पाहिल्या, ज्या त्याने सकाळपासून आपल्या हाताने बसवल्या होत्या, ज्यांच्यावर पाय रोवून तो दगड झेलत होता. तो बाजूला सरकला आणि पायरीवरून थेट खालच्या चिखलात उतरून गुडघाभर गाळात उभा राहिला.

मास्तर पायरीवरच होते. त्यांना उतरायचं सुचलं नाही.

"पोचू, ऐक," ते म्हणाले. "साहेब अठ्ठावीसला येतात. आज दगड कमी पडले तर मंजुरी जाते. तीन महिन्यांची मेहनत जाते, बायांना पुन्हा नदी. साहेब पाहून जाऊ देत. एकोणतीसला आपण हे बावीसही दगड काढू. दुसरे आणेपर्यंत पायऱ्या तशाच राहू देत. मी सांगतो. माझा शब्द."

वरून पाटलांची हाक आली, "झालं का नाई?"

"टोल्यात आज सांगत नाई," पोचू शेवटी म्हणाला. "सांगितलं तं उद्या कोणी येणार नाई. तुम्ही म्हणता तं एकोणतीस." आणि वर पाहून ओरडला, "सोडा!"

नववा दगड त्याने पुन्हा झेलला. यावेळी तो दगडावर उभा राहिला नाही. उरलेले सगळे दगड त्याने बाजूच्या भिंतीला अंग चिकटवून, कुठे बोटभर आधार मिळेल तिथे पाय ठेवून बसवले. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी तो पडला आणि गुडघा सोलला. गडी वरून म्हणाले, "अबे, पायरीवर उभा राहा ना!" त्याने ऐकलं नाही. कारण मास्तरांना माहीत होतं.

अठ्ठावीसला साहेब आले. कोसमटोल्याचं एकही माणूस त्या दिवशी आलं नाही. साहेब पायऱ्या मोजत खाली उतरले, मागून समिती. मास्तरांना पहिली पायरी उतरवेना. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय ठेवला. साहेबांनी मागे पाहिलं, त्यांना वाटलं ही देवाची जागा असावी. त्यांनीही बूट काढले. मग पाटलांनी, मग सगळ्यांनीच. परतताना पाटील मास्तरांच्या कानाशी लागले, "मस्त केलं, मास्तर. साहेबावर छाप पडली."

साहेबांनी भाषणात आदिवासी बांधवांच्या श्रमदानाचा उल्लेख केला. "त्यांच्यापैकी कोणी दिसत नाही?" त्यांनी विचारलं. "मोहाचा हंगाम आहे साहेब, वेचायला गेले," मास्तर म्हणाले. उत्तर इतकं चटकन आलं की त्यांनाच धक्का बसला. मंजुरी कायम झाली. साहेबांनी चिटणिसांच्या चोख कागदपत्रांची तारीफ केली.

एकोणतीसला पहाटेच पोचू आला. अकरा गडी, खांद्यावर सागाच्या दांड्या, नवे वळलेले दोर. ते बावडीच्या काठावर बसून राहिले. मास्तरांना ते शाळेच्या खिडकीतून दिसत होते. आदल्या संध्याकाळी ते पाटलांकडे जाऊन आले होते. पाटील म्हणाले होते, "चुना धरला आता. उखडलं तं भिंतही येईल. अन् साहेबाले काय सांगू? चिटणिसानं खोटं लिहिलं म्हणून सांगू का?" मास्तरांची पेन्शनला तीन वर्षं उरली होती.

ते शाळा सोडून घरी गेले आणि पांघरूण घेऊन पडले. "कोणी आलं तर सांग, मला ताप आहे," ते बायकोला म्हणाले. वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. दुपारी पोचू दाराशी आला तेव्हा त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "त्यांना ताप आला आहे, भाऊ."

"मंग उतरल्यावर येतो, बाई," पोचू म्हणाला. "उन्हाचा ताप वाईट. कैरीचं पन्हं द्या."

वच्छलाबाई आत आल्या. त्या दिवशी त्यांनी खरंच पन्हं केलं आणि पेला नवऱ्यापुढे ठेवला. "घ्या," एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी उठून ते शेवटपर्यंत प्यायलं.

पोचू आठ दिवसांनी आला. मास्तर तालुक्याला गेले होते. वैशाखात आला, मास्तर म्हणाले, पाणी कमी झालं की बघू. मग पावसाळा लागला आणि बावडी भरली. बाया दारातच पाणी मिळालं म्हणून मास्तरांचं नाव घेत. दिवाळीच्या सुमाराला पुरातत्त्व खात्याची माणसं आली आणि काठावर निळ्या पत्र्याचा फलक रोवून गेली. त्याच आठवड्यात पोचू बाजारातून शाळेपाशी आला. म्हणाला, "मास्तर, काय लिहून राह्यले तिथी, वाचून सांगा ना."

मास्तरांनी वाचलं. ही संरक्षित वास्तू आहे. येथील दगड हलवणे, काढणे, खरडणे हा गुन्हा आहे. दंड वा कैद होईल.

"म्हणजे आता काढता येत नाई."

"नाही," मास्तर म्हणाले.

पोचूने फलकाकडे पाहिलं. "रानात होता तव्हा कोणी राखला नाई. आता पायाखाली आला तं सरकार राखते." तो हसला, रागाने नाही, कोणी वेडगळ गिऱ्हाईक पाहून हसावं तसा. मग दोरांची जुडी खांद्यावर टाकून गेला. त्यानंतर तो मास्तरांच्या दारी आला नाही. बाजारात दिसे; मास्तर दुसऱ्या रांगेने जात.

अर्ज लिहायला मास्तरांना पुढे दोन वर्षं लागली. मनात तो रोज लिहिला जाई आणि रोज सहीपाशी अडे. अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात त्यांनी तो खरोखर लिहिला: दगड खाणीतले नव्हते, हे मला माहीत होतं, खोटी नोंद मी केली, दगड मूळ जागी परत जावेत. लिहून खात्याला टपालाने धाडला आणि त्यांना हलकं वाटलं. त्या हलकेपणाचीही नंतर त्यांना लाज वाटली. शिक्षा व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. ती स्वतःसाठी होती, पोचूसाठी नव्हे.

महिन्याने एक तरुण अधिकारी चौकशीला आला. बावडीच्या काठी खुर्ची टाकली. पाटलांनी मास्तरांकडे पाहिलंही नाही. कोसमटोल्याहून पोचूला बोलावून आणलं.

"यातला कुठला दगड तुमचा आहे का?" अधिकाऱ्याने विचारलं.

पोचू खाली पाणी पाहत होता. वरच्या चार पायऱ्या दिसत होत्या. "नाई साहेब," तो म्हणाला. "दगड हायेत. जंगलात लई हायेत असे."

"नीट आठवून सांग. मास्तरांनी लिहून दिलं आहे."

"मास्तर शिकले हायेत. मी काय सांगू? ह्यात आमचं कोणी नाई."

अधिकाऱ्याने फाईल बंद केली. "गुरुजी, पेन्शनला किती राहिलं?" त्याने सौम्यपणे विचारलं. "पाच महिने? मग कशाला हे?" जाताना त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

त्यांनी टोल्याच्या वाटेवर पोचूला गाठलं. धाप लागली होती. "माझ्यासाठी खोटं काऊन बोललास?" त्यांच्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

"तुमच्यासाठी?" पोचू थांबला. "खोटं नाई बोललो, मास्तर. आमची माणसं तिथी नाईत आता. मागच्या उन्हाळ्यात बावीसही जणांले नाव घेऊन घेऊन हाक मारली, अन् घेऊन गेलो. डोंगरावरून नवे दगड आणले. बावीस. टोल्यात गडी अकरा, मंग चार गावचे भाऊबंद बोलावले. दोन दिवस ढोल वाजत होता. आइकला नाई का तुम्ही?"

मास्तरांनी ऐकला होता. कोणाचं तरी लग्न असेल असं त्यांना वाटलं होतं.

"मी काढून देणार होतो," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता."

"हो जी. पण तुमची वाट पाह्यली असती तं म्हातारा अजून पाण्यातच राह्यला असता."

"मला बोलावलं असतंस तर मी आलो असतो. खांदा दिला असता."

"तुम्हाले तं ताप येते," पोचू म्हणाला.

तो हसत नव्हता आणि टोचूनही बोलत नव्हता. एखाद्याला गोड चालत नाही, तसं त्याने ते मनात धरून ठेवलं होतं आणि त्याप्रमाणे बेत केला होता. पोचूने त्यांना घोटभर पाणी दिलं, जरा वेळ सावलीत बसायला सांगितलं, आणि आपल्या वाटेने गेला.

निवृत्तीच्या आधी मास्तरांनी आणखी एक कागद लिहिला. खात्याला बावडीसाठी राखणदार हवा होता, महिन्याच्या पगाराचा, खाकी कोटाचा. त्यांनी पोचूचं नाव सुचवलं आणि आपली शिफारस जोडली. नेमणूक मंजूर झाल्याचं सांगायला ते स्वतः कोसमटोल्यापर्यंत चालत गेले. त्या वाटेवरचे नवे बावीस दगड त्यांनी तेव्हा पाहिले. थांबायचा धीर झाला नाही.

पोचूने सगळं ऐकून घेतलं. आतून रंभा, त्याची बायको, काहीतरी गोंडीत म्हणाली आणि तो हसला.

"काय म्हणते?"

"म्हणते, कोट चांगला राह्यते थंडीत." मग त्याने मान हलवली. "नाई मास्तर. मले दगड राखता येत नाई. येत असतं तं तुमची गाडी रिकामी गेली नसती का?"

मास्तर उठले. निघताना त्यांनी हात जोडले, पोचूनेही जोडले. वच्छलाबाईंना त्यांनी घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, ताप आल्याचं सांगण्यापासून. त्या भाजी निवडत होत्या. "मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या.

राखणदाराची नोकरी मुखरू नावाच्या दुसऱ्या माणसाला मिळाली. पोचू सध्या बांधकाम खात्याच्या कच्च्या सडकेवर मैलकुली आहे, नेमून दिलेल्या मैलांची निगा राखणारा मजूर. सातवा, आठवा आणि नववा मैल त्याच्याकडे आहे.